एक टोक हातात

नख रुतलं नाही.

"नाही चालणार," मी म्हटलं आणि तो वाळवलेला खूर काउंटरवर परत ठेवला. "यावर नख उमटत नाही. दात तुटेल तिचा."

दस्तगीरभाईंनी खूर उचलला, स्वतःच्या अंगठ्याचं नख त्यावर दाबून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "ताई, दहा वर्षं झाली विकतोय. नख लावून बघणारं गिऱ्हाईक तुम्ही पहिलंच."

विट्यात तेव्हा कुत्र्यामांजरांचं सामान मिळणारं हे एकच दुकान होतं. मुळात ते माशांच्या काचपेट्यांचं. तीन भिंतींना पाणी बुडबुडत असायचं आणि चौथ्या भिंतीला पट्टे, साखळ्या, बिस्किटांचे पुडे टांगलेले. सकाळी त्यांनी शटर वर केलं तेव्हा मी पायरीवरच उभी होते. त्याला आता अर्धा तास झाला होता.

"कुत्रं केवढंय?"

"लहान. पामेरियन. साडेतीन किलो."

"आणि सध्या काय चावतंय?"

"लाटणं."

ते हसले. "लाटणं?"

"आईचं."

हसू तिथंच थांबलं. "तुम्ही कारखान्यातल्या गुळवणी साहेबांच्या कन्या काय?" मी मान हलवली. त्यांनी गळ्यातला रुमाल उगाचच नीट केला. "कळलं होतं मला. लई केलंत म्हणे तुम्ही आईचं."

ते वाक्य मी एकवीस दिवस ऐकत होते.

त्यांनी मग एकेक वस्तू काढायला सुरुवात केली. भाजलेलं हाड. मी म्हटलं, शिजवलेलं हाड फुटतं, टोकं आतड्यात जातात. कातड्याची गाठ मारलेलं हाड. मी म्हटलं, ते पोटात जाऊन फुगतं. रबरी काहीतरी पिवळं निघालं, त्याचा मी नुसता वास घेतला आणि परत दिलं.

"तुम्ही डॉक्टर आहात काय?"

"नाही. कॉलेजात मराठी शिकवते. पुण्याला."

"मग एवढं कसं म्हाईत?"

"वाचलंय."

"वाचलंय," ते म्हणाले. एका काचपेटीतल्या माशांना दाणे टाकले, आणि खालच्या कप्प्यातून एक लांब पाकीट काढलं. "मग हे वाचा."

तांदळाचं पीठ, गाजर, बटाट्याचं सत्त्व. वीतभर लांब, अंगठ्याएवढी जाड, हिरवट कांडी. हाड नाही, कातडं नाही. त्यांनी एक उघडून हातात दिली. मी नख दाबलं. अर्धचंद्र उमटला, स्वच्छ. किती दिवसांनी मला मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

"यात लहान आकार आहे का?"

"लहान संपलाय. मोठीच न्या. लहान कुत्र्याला मोठीच बरी असते, ताई. एक टोक आपल्या हातात धरायचं आणि दुसरं तिला चघळू द्यायचं. टोक उरलं की काढून घ्यायचं."

माझ्या मनात आलं, लहान संपलाय म्हणून मोठी खपवतायत. मी छापलेला प्रत्येक शब्द वाचत होते त्या दिवसांत, आणि समोरचा माणूस बोलतोय ते ऐकत नव्हते.

बुंदी आठ वर्षांपूर्वी दिवाळीत आमच्याकडे आली, मिठाईच्या खोक्यातून. कारखान्यातल्या कुणीतरी अण्णांना ती दिली होती आणि आईनं खोकं उघडून "अगं बाई, ही तर बुंदी!" म्हटलं. अण्णा पहिलं वर्षभर तिला "ते जनावर" म्हणायचे. आई गेल्यावर मात्र ते बोलायचे ते तिच्याशीच. माझ्याशी हो-नाही, आल्यागेल्याशी नमस्कार. बुंदीशी पूर्ण वाक्यं. "आज ऊन फार आहे, बाहेर नको जाऊस." "तिची चादर धुवायला टाकली बरं का, शोधू नकोस." ती जेवली तर ते जेवायचे. ती ताटलीला तोंड न लावता निघून गेली की अण्णाही पानावर हात धुवायचे.

ती फारशी जेवत नव्हतीच. स्वयंपाकघराच्या खालच्या फळीवरून तिनं लाटणं ओढून काढलं होतं आणि आईच्या पाटाखाली बसून ते दिवसभर चावायची. लाटण्याची दोन्ही टोकं दातवणासारखी झाली होती. त्या सकाळी तिच्या हिरडीत काडीएवढी ढलपी रुतलेली दिसली. मी ती चिमटीनं उपसली, थेंबभर रक्त आलं. लाटणं उचलायला गेले तर अण्णा दारातून म्हणाले, "असू दे. वास येतो तिला."

"पोटात जाईल, अण्णा."

"असू दे म्हटलं ना."

रविवारी मला पुण्याला परतायचं होतं. रजा संपत आली होती. मी गेल्यावर या घरात अण्णा आणि बुंदी एवढेच उरणार होते. बुंदीला काही झालं तर अण्णा कुणासाठी पान वाढून घेतील, हा प्रश्न मला चोवीस तास पडलेला होता. म्हणून तर मी दस्तगीरभाईंच्या पायरीवर उभी होते.

घरी आले तेव्हा अण्णा आंघोळीला गेले होते. मी कांडी पाटावर ठेवली. ती बुंदीच्या डोक्यापेक्षा लांब दिसत होती. एवढं मोठं ती खाणार कसं? मी आईचा अडकित्ता घेतला. रोज जेवण झालं की आई त्यानं अण्णांना सुपारी कातरून द्यायची. मी कांडीचे आठ तुकडे केले, सुपारीएवढे, सगळे सारखे. आईच्या आजारपणाच्या दोन महिन्यांत माझ्या हातांना तीच सवय लागली होती. सगळं बारीक करायचं. गोळ्या कुटायच्या, पेज गाळायची, गाळलेली पुन्हा गाळायची.

पहिला तुकडा बुंदीनं हुंगला, उचलला आणि मानेला दोन झटके देऊन गिळला. चघळलाच नाही. मग माझ्याकडे वर पाहिलं आणि तिची शेपटी हलली.

एकवीस दिवसांत पहिल्यांदा हलली होती. मी लगेच दुसरा तुकडा दिला.

आवाज आला तो फुंकणीतून वारा जावा तसा. बारीक शिट्टी. मग खाकरल्यासारखं. बुंदी मागे मागे सरकत भिंतीला टेकली, पुढच्या पंजांनी तोंड ओरबाडायला लागली. लाळेची तार फरशीपर्यंत लोंबत होती. मी तिचा जबडा उघडायला गेले तर ती जिवाच्या आकांतानं हिसडली, माझ्या बोटात दात घुसला. जीभ दिसली, कडेनं जांभळट होत चाललेली.

"अण्णा!"

ते पंचा गुंडाळूनच बाहेर आले, अंगावरून पाणी निथळत. "काय झालं तिला?"

"माहीत नाही."

"लाटणं! ढलपी अडकली असणार. तू सांगत होतीस." ते खाली बसले आणि तिला त्यांनी छातीशी घेतलं. "बुंदे. बुंदे, अगं माझ्याकडे बघ."

"सरकारी दवाखान्यात नेऊ या. कपडे घाला, मी स्कूटर काढते."

ते आत वळले. तेवढ्या वेळात मी एक गोष्ट केली. उरलेल्या सहा तुकड्यांची वाटी मिक्सरच्या मागे सरकवली. का, ते तेव्हा मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. हातांनीच केलं.

पशुवैद्यकीय दवाखाना पाच मिनिटांवर होता. अण्णा मागे बसले, बुंदी आईच्या शालीत. माझ्या कानाशी ती शिट्टी सतत ऐकू येत होती आणि ती ऐकू येतेय तोवर ठीक आहे, एवढंच मी स्वतःला सांगत होते. बसस्टँडच्या वळणावर शिट्टी थांबली. मी ब्रेक मारला.

"चालव!" अण्णा ओरडले. "घेतेय श्वास. चालव तू."

आवारात लोखंडी खोड्यात एक म्हैस उभी होती आणि गुडघ्यापर्यंत गमबूट घातलेले डॉक्टर खराडे तिच्या मागच्या बाजूला खांद्यापर्यंत हात घालून होते. अण्णांनी शाल उघडून धरली. डॉक्टरांनी एक नजर टाकली, हात बाहेर काढला, बादलीत बुडवला आणि म्हशीच्या मालकाला म्हणाले, "आबा, हिला धरून थांबा. हे कुत्रं मरायला टेकलंय."

आत पत्र्याचं टेबल होतं, गाईचं वासरू मावेल एवढं. त्यावर बुंदी मूठभर दिसली. फासळ्या आत ओढल्या जात होत्या.

"काय दिलं होतं खायला?"

"काही नाही," मी म्हटलं.

"लाकडाची ढलपी असेल," अण्णा म्हणाले. "लाटणं चावते ती. रोज."

"लाकूड." डॉक्टरांनी लांब चिमटा उचलला. "मग अवघड आहे. लाकूड असलं तर बाहेरनं दाबता येत नाही, टोक आत घुसतंय. भूल द्यावी लागेल आणि या अवस्थेत भूल..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि सुईची डबी ओढली. "नक्की दुसरं काही नाही ना? गुळगुळीत काही असलं तर उलटं धरून एका दाबात काढतो मी. पण ढलपी असताना तसं केलं तर नरडं फाडीन मी तिचं. नीट आठवून सांगा."

काही नाही. हे दोन शब्द मी आधी एकदा म्हटले होते. असेच, याच वेगानं, विचारणाऱ्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत. तेव्हाही समोर डॉक्टर होते, शेजारी अण्णा होते आणि कुणाचा तरी श्वास असाच वाजत होता.

"लाकूड नाही," मी म्हटलं. "पिठाची कांडी. दुकानातली. मी कापून दिली. एवढा तुकडा, सुपारीएवढा. दोन दिले. दुसरा अडकला."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं नाही.

डॉक्टरांनी चिमटा टाकला. बुंदीचे मागचे पाय धरून तिला उचललं, डोकं खाली, पाठ आपल्या पोटाशी. फासळ्यांच्या खाली मूठ लावून दाबली. एकदा. पुन्हा. तिसऱ्या वेळी काहीतरी हिरवं टप्पकन फरशीवर पडलं आणि त्यांच्या गमबुटापाशी जाऊन थांबलं.

बुंदी खोकली. ओकली. मग टेबलावर चारही पाय फाकवून उभी राहिली आणि बाहेरच्या म्हशीवर भुंकली. आवाज घोगरा होता, पण भुंकली.

अण्णांनी भिंतीला हात टेकला.

डॉक्टरांनी तिचा घसा पाहिला, एक इंजेक्शन दिलं, दोन दिवस पातळ खायला घाला म्हणाले. मग तो तुकडा उचलून माझ्यासमोर धरला. "कांडी चांगली आहे. मीच दस्तगीरला ठेवायला सांगितलीय. पण तुकडे कशाला केले?"

"ती लहान आहे म्हणून."

"तेच चुकलं. तोंडात मावलं की कुत्रं गिळतंय. मावलं नाही की चघळतंय. चघळायची वस्तू तोंडापेक्षा मोठीच लागते, आणि शेवट आपल्या हातात." त्यांनी हात पुसले. "आणि पहिल्यांदा 'काही नाही' का म्हणालात?"

मी बुंदीवर शाल ओढली.

"म्हसरंवाले पण असंच करतात. गाडाभर हिरवं घालतात, पोट फुगलं की म्हणतात, काय न्हाय घातलं. भितात. जनावराला बोलता येत न्हाय ओ, माणसानं तरी बोलावं." एवढं म्हणून ते म्हशीकडे गेले.

आवारात कडुनिंबाखाली सिमेंटचा बाक होता. अण्णा बुंदीला मांडीवर घेऊन बसले. तिचे डोळे मिटत होते. ते तिच्या कानामागं खाजवत राहिले. मी समोर उभी. उन्हात म्हशीच्या शेणाचा वास तापत होता.

"माहीत नाही म्हणालीस मला घरी," अण्णा म्हणाले.

"हो."

"मी ओरडलो असतो म्हणून?"

"नाही." माझ्या बोटातून अजून रक्त येत होतं. मी बोट पदरात गुंडाळलं. "अण्णा, सांगलीला आईच्या डॉक्टरांनी विचारलं होतं. ताप आला त्याच्या दुसऱ्या सकाळी. तोंडावाटे काही दिलं का म्हणून."

त्यांचा हात थांबला.

"मी काही नाही म्हटलं."

"मग?"

"दिलं होतं."

खोड्यातली म्हैस हंबरली. कुणीतरी कुणाला दोर घट्ट धर म्हणालं.

आईला झटका येऊन महिना उलटला होता तेव्हाची गोष्ट. नाकातून नळी होती. तोंडानं काही द्यायचं नाही, गिळण्याची नस बधिर आहे, अन्न श्वासनळीत उतरेल, असं खाटेच्या डोक्याशी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं होतं. त्या दुपारी शेजारच्या खाटेवरच्या बाईचा डबा आला. ज्वारीची भाकरी, गरम. तो वास आला आणि आईनं मान वळवली. महिनाभरात ती आपणहून कुठं वळली नव्हती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. अण्णा खाली औषधं आणायला गेले होते.

"भाकरीचा पापुद्रा," मी म्हटलं. "त्या बाईंनी दिला. दुधात भिजवून दिला मी तिला. दुसऱ्या रात्रीपासून ताप. छाती भरली."

एक पान बुंदीच्या पाठीवर पडलं, ते अण्णांनी उचललं आणि चिमटीत फिरवत राहिले.

"सांगितलं असतंस तर?"

"औषध आधी चालू केलं असतं. एक दिवस आधी."

"वाचली असती?"

"माहीत नाही, अण्णा. खरंच माहीत नाही. मी खूप वाचलं त्यावर. कुठं हो लिहिलंय, कुठं नाही लिहिलंय."

ते उठले. शाल बुंदीभोवती नीट गुंडाळली. "चल," म्हणाले. स्कूटरवर बसताना नेहमी माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. त्या दिवशी त्यांनी मागची कडी धरली.

घरी आल्यावर मी मिक्सरमागची वाटी काढली आणि सहाही तुकडे कचऱ्यात टाकले, त्यांच्या देखत. त्यांनी पाहिलं. नंतर ते आईच्या पाटापाशी बसून राहिले, बुंदी शेजारी. मी बोटाला पट्टी बांधली. बॅग भरायला घेतली, कारण दुसरं काय करावं कळेना. रविवारऐवजी आजच जा म्हणाले असते तर मी गेले असते.

दुपारी शेजारच्या हौसाकाकू भाकऱ्या आणि आमटी ठेवून गेल्या. मी बुंदीची पेज गाळली, थंड केली. तिनं चाटून संपवली. मग दोन पानं वाढली. एका पानावर बसायला मला धीर होईना, म्हणून मी वाढपाच्या निमित्तानं उभीच राहिले.

अण्णांनी भाकरी हातात घेतली. मोडली नाही. वरचा पापुद्रा नखानं कडेकडेनं सोडवला आणि अलगद उचलला. तो आख्खा निघाला, उजेड आरपार दिसेल असा. तो हातात धरून ते त्याच्याकडे बघत होते.

"केवढा दिला होतास?"

मी करंगळीचं नख दाखवलं.

"एवढाच?"

"एवढाच."

"खाल्ला तिनं?"

"हो. डोळे मिटून. तोंडात धरून ठेवला होता बराच वेळ."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "दुधात भिजवलास."

"हो."

"मीठ?"

"मीठ नव्हतं."

"तिला मीठ लागायचं पापुद्र्यावर," अण्णा म्हणाले. "दूध नाही आवडायचं. लग्न झालं तेव्हापासून. तव्यावरनं काढला की आधी मीठ." त्यांनी समोरच्या पानाकडे हात केला. "बस. उभी का आहेस?"

मी बसले. त्यांनी पानातलं मीठ चिमटीत घेतलं, पापुद्र्यावर भुरभुरवलं, पापुद्रा मधोमध फाडला आणि अर्धा माझ्या पानात ठेवला. आम्ही खाल्ला. त्यानंतर त्यांनी त्या दुपारबद्दल मला कधी काही विचारलं नाही. तुझी चूक नव्हती असंही कधी म्हणाले नाहीत. मी रविवारी गेले नाही, पुढच्या रविवारी गेले.

तिसऱ्या दिवशी बुंदीचा घसा बरा झाल्यावर मी पाकिटातली दुसरी कांडी काढली. लाटणं अण्णांनी स्वतः उचलून आईच्या फोटोमागे ठेवलं होतं. मी कांडी तिच्यापुढे धरली आणि तिनं तोंड उघडताच मागे घेतली.

"आण इकडे," अण्णा म्हणाले.

ते जमिनीवर मांडी घालून बसले, गुडघे कुरकुरले. कांडीचं एक टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं आणि दुसरं बुंदीपुढे केलं. बुंदीनं हुंगलं. मग पंजा त्यांच्या मनगटावर ठेवला, मान तिरकी केली आणि मागच्या दातांनी चघळायला सुरुवात केली. करकर असा बारीक आवाज येत होता. अण्णा मधूनच टोक फिरवून देत होते.

"तू पण बस," ते म्हणाले. "माझा हात अवघडला की तू धर."